चाकोरी

मोनाप्पा, आधी चहा सांग. मग माल्टा सांगतो.
मलूनं यादी करून ठेवलेली,
हॉस्पिटलच्या कागदाच्या पाठीवर,
बघायलाच पाहिजेत अशा जागा, बारा.
सुट्टी तिला तीन दिवसांची.

पहिली जागा यादीत होती, जाग्यावर नव्हती.
समुद्रात दगडाची खिडकी होती म्हणे, आभाळाएवढी,
एका वादळात कोसळली.
तरी बस भरभरून लोक येतात
आणि नसलेल्या खिडकीकडे पाठ करून फोटो काढतात.
मीही काढला. दाखवला असता, चार्जिंग संपलंय.

मग नावा. दर नावेच्या नाकाशी दोन डोळे रंगवलेले,
निळे, पिवळे, तांबडे पट्टे,
कारहुणवीला आपण शिंगांना देतो तसलेच रंग.
एक कोळी जाळं सांधत बसलेला.
मी म्हटलं, राम राम. तो काहीतरी म्हणाला.
दोघांचंही बरोबर असणार.

चर्चला दोन घड्याळं. एक बरोबर,
एक मुद्दाम चुकीचं,
सैतान गोंधळावा म्हणून.
मलू हसली. मला काही हसू आलं नाही.
कुठल्या भाषेत अर्ज लिहिला तर घेतील म्हणून
तहसीलच्या दारात तू आणि मी
किती दुपारी उभे होतो, आठव.
तिथंही पाटीवर दोन-दोन भाषा.
डांबराचा डाग कुठं दिसला नाही.
मी बघत होतो.

घरं सगळी पिवळ्या दगडाची, वरनं सपाट.
चाळीस वर्षं भट्टीपुढं काढली
आणि पोरगी नेमकी अशा जागी जाऊन राहिली
जिथं माझं एक कौल खपायचं नाही.

नदी? नदीच नाही गा.
समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात,
चहाला बाटलीतलं वेगळं.
मलप्रभा हे नाव त्यांच्या तोंडात बसत नाही.
मल्ला म्हणतात. सिस्टर मल्ला.
रात्री ड्यूटीवरनं आली की चपला हातात घेऊन
जिना चढते, खालची म्हातारी जागी होईल म्हणून.
मी अंधारात विचारलं, काय करूलीस?
म्हणाली, काही नाही बाबा, झोपा.

शेवटच्या दिवशी कड्याकडं जाणारी बस चुकली.
चालत निघालो. उघडा खडक, वारा,
आणि त्या खडकात, मोनाप्पा, चाकोऱ्या.
एक-दोन नाहीत. एकमेकींना कापत गेलेल्या,
कुठं बोटभर, कुठं गुडघाभर खोल.
मलूनं मोबाईलवर वाचून दाखवलं:
हजारो वर्षांच्या आहेत, कुणी पाडल्या ठाऊक नाही,
काय वाहत होते, तेही ठाऊक नाही.

ठाऊक नाही कसं?
मी खाली बसलो. हात लावून मोजलं.
दोन चाकांमध्ये तीन हात, आपल्यासारखंच.
वळणावर एक कड जास्त झिजलेली.
म्हटलं, गाडी भरलेली होती,
आणि डावा बैल थकलेला.
काय भरलं होतं, बाबा?
माती. दुसऱ्या कशासाठी माणूस
एकाच वाटेनं इतक्यांदा जातो,
दगड झिजेपर्यंत?

ती काही बोलली नाही.
पलीकडं सगळा समुद्र पडलेला, यादीतली बारावी जागा.
तिनं फोटो काढला तो माझ्या हाताचा,
चाकोरीत ठेवलेल्या.

त्यातली एक जोडी सरळ खाली जाते
आणि पाण्यात उतरते.
गाडी पुढं कुठं गेली, ते मला विचारू नकोस.
चहाचे पैसे तू दे.
माझ्या खिशात अजून त्यांचेच सुटे आहेत.